लोकशाही व्हाउचर

स्थानिक निवडणुकीच्या प्रचारासाठी सार्वजनिक निधी उमेदवाराला थेट न देता रहिवाशांच्या हातून देण्याची पद्धत. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या सिअ‍ॅटल शहरात ती 2017 च्या निवडणुकीपासून चालू आहे. प्रत्येक पात्र रहिवाशाला 25 डॉलरची चार व्हाउचरे मिळतात. नोंदणीकृत मतदारांना ती टपालाने घरपोच येतात. कायम वास्तव्याचा परवाना असलेले परदेशी नागरिकही पात्र आहेत; त्यांना अर्ज करावा लागतो.

उगम : कल्पनेचे जनकत्व वादग्रस्त आहे. कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग यांच्या 2011 मधील मांडणीपासून हे नाव लोकांत रुळले, म्हणून अनेक जण श्रेय त्यांनाच देतात. परंतु कायद्याचेच प्राध्यापक असलेल्या ब्रूस अ‍ॅकरमन यांनी 1993 मध्ये आणि रिचर्ड हेसन यांनी 1996 मध्ये अशाच योजना सुचवल्या होत्या. त्याही आधी, 1960 च्या दशकात, सिनेटर ली मेटकाफ यांनी प्रचारासाठी मतदारांना व्हाउचर देण्याचा प्रस्ताव मांडला होता. त्यामुळे कल्पना मेटकाफ यांच्यापर्यंत मागे नेणे अधिक सयुक्तिक दिसते. या सर्वांचा रोख मात्र राष्ट्रीय निवडणुकांवर होता. शहराच्या पातळीवर ती उतरली त्यामागे सिअ‍ॅटलचा स्वतःचा इतिहास आहे. तेथे 1978 मध्येच लहान देणग्यांना जोडनिधी (देणगीच्या जोडीला सार्वजनिक पैशाची भर) देण्याची योजना आली. 1992 च्या राज्यव्यापी जनमताने अशा निधीवर बंदी आली. 2008 मध्ये राज्याने स्थानिक मतदारांच्या संमतीची अट घालून ती उठवली. 2013 मध्ये जोडनिधीचा प्रस्ताव थोडक्यात फेटाळला गेला आणि नोव्हेंबर 2015 मध्ये व्हाउचरचा मंजूर झाला. खर्चासाठी मालमत्ताकरातून वर्षाला 30 लाख डॉलर ठेवले गेले.

कार्यपद्धती : योजनेत येणाऱ्या उमेदवाराला खर्चमर्यादा पाळावी लागते. योजनेत येणे मात्र ऐच्छिक आहे, कारण उमेदवारावर सक्तीची खर्चमर्यादा 1976 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने घटनाबाह्य ठरते, सार्वजनिक पैशाची अट म्हणून ती घालता येते. पात्रतेसाठी किमान 10 डॉलरच्या देणग्या आणि तितक्याच सह्या जमवाव्या लागतात : महापौरपदासाठी 600, शहरव्यापी परिषद-जागेसाठी 400, प्रभागासाठी 150 (पैकी निम्म्या त्याच प्रभागातील). जाहीर वादसभांना हजर राहणेही बंधनकारक आहे. 2019 मध्ये प्रभागातील उमेदवाराला प्राथमिक फेरीत 75,000 आणि एकूण 1,50,000 डॉलरची मर्यादा होती.

रहिवासी व्हाउचरवर उमेदवाराचे नाव व तारीख लिहून सही करतो आणि ते टपालाने, ऑनलाइन किंवा प्रचारकाच्या हाती देतो. सही मतदारनोंदणीतील सहीशी ताडून पाहिली जाते. ती जुळल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. दिलेले व्हाउचर परत घेता येत नाही, विकणे निषिद्ध आहे. उमेदवार पात्रच ठरला नाही तर त्याला दिलेले व्हाउचर वाया जाते. दारोदार व्हाउचर गोळा करणाऱ्यांची अडचण सहीपाशी असते : उत्साहाने दिलेला कागद सहीविना निघतो.

मर्यादेचा दुबळा सांधा म्हणजे उमेदवाराशी संगनमत न करता बाहेरच्या गटांनी केलेला खर्च. प्रतिस्पर्ध्याचा निधी आणि त्याच्या बाजूने झालेला असा खर्च मिळून मर्यादेपलीकडे गेला, की उमेदवार शहराच्या ‘नीतिमत्ता व निवडणूक आयोगा’कडे मर्यादामुक्ती मागतो. 2019 मध्ये अ‍ॅमेझॉनने उद्योजकांच्या गटामार्फत सु. 15 लाख डॉलर ओतले, तेव्हा मर्यादा बऱ्याच ठिकाणी कागदावरच राहिली. पुण्यात जन्मलेल्या क्षमा सावंत त्या वर्षी योजनेबाहेर राहूनच निवडून आल्या.

वाद व परिणाम : इतरांच्या राजकीय मतासाठी आपल्याकडून कर घेणे ही सक्तीची अभिव्यक्ती आहे, असा दावा दोन मालमत्ताधारकांनी केला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो 2019 मध्ये एकमताने फेटाळला. वापर कमीच आहे : 2017 मध्ये पात्र रहिवाशांपैकी सु. 3 ते 4 टक्के, 2019 मध्ये सु. 7 टक्के. ऑगस्ट 2025 मध्ये मतदारांनी दहा वर्षांसाठी 4.5 कोटी डॉलरचा कर मंजूर करून योजना पुढे चालू ठेवली. कॅलिफोर्नियातील ओकलंडने 2022 मध्ये तिचे अनुकरण मंजूर केले. अंमल निधीअभावी लांबला.

भारतात इंद्रजित गुप्ता समितीने (1998) मान्यताप्राप्त पक्षांना रोख रकमेऐवजी वस्तुरूप मदत सुचवली, तीही लोकसभा-विधानसभेपुरती. महापालिका व जिल्हा परिषदांच्या उमेदवारांसाठी महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोग खर्चमर्यादा ठरवतो, निधी देत नाही.