२५ नोव्हेंबर : संत कॅथरीनच्या सणाची पार्श्वभूमी

२५ नोव्हेंबर १५१० रोजी पोर्तुगीजांनी आदिलशाहीकडून गोवा दुसऱ्यांदा जिंकला. त्या दिवशी अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनचा सण होता. शहरात शिरण्याच्या वाटेवर तिच्या नावाचे चॅपल उभे राहिले. पुढे जुन्या गोव्याचे से कॅथेड्रलही तिलाच वाहिले गेले. १९६९ मध्ये मात्र रोमने चर्चची सार्वत्रिक दिनदर्शिका नव्याने लावली आणि तीतून कॅथरीनचे नाव वगळले. क्रिस्तोफर, बार्बरा, व्हॅलेंटाइन हे संतही तेव्हाच यादीतून गेले.

त्यांचे संतपदच काढून घेतले, असा समज तेव्हा पसरला आणि तो आजही ऐकू येतो. प्रत्यक्षात हे सण जगभर सर्वांनी पाळायच्या यादीतून काढले होते. एखाद्या धर्मप्रांताने किंवा त्या संताच्या नावाच्या चर्चने सण पाळण्याला आडकाठी नव्हती. ही गोष्ट भाविकांपर्यंत नीट पोचवली गेली नाही, हा त्या निर्णयाचा मोठा दोष.

कोणाचा सण ठेवायचा, याची निर्णयामागची कसोटी मात्र जुनीच होती. रक्तसाक्षीचा, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्याचा, सण म्हणजे त्याचा मृत्युदिन, आणि तो पाळायचा त्याच्या कबरीपाशी. दुसऱ्या शतकात स्मिर्ना (आजच्या तुर्कस्तानातले शहर) इथले वृद्ध बिशप पॉलिकार्प यांना जाळले, तेव्हा तिथल्या मंडळीने अस्थी गोळा करून दरवर्षी तो दिवस पाळायचे ठरवले. रोममधल्या ३५४ सालच्या यादीत रक्तसाक्षींच्या नावापुढे तारीख आणि दफनभूमी एवढेच आहे. कॅथरीनचा छळ चौथ्या शतकाच्या सुरुवातीचा मानतात, पण तिचा उल्लेख सापडतो तो कित्येक शतकांनंतर. तिला वगळण्यामागचा तर्क त्यामुळे समजतो.

व्हॅलेंटाइनच्या बाबतीत तो पटत नाही. त्याच्या चरित्राबद्दल खात्रीचे काही हाती नाही, हे खरे. पण रोमबाहेर फ्लामिनिया रस्त्यावरचे दफनस्थान आणि १४ फेब्रुवारी ही तारीख, दोन्ही परंपरेने जपलेली आहेत. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना तेवढे पुरत होते. विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी चरित्राचाही पुरावा मागितला, म्हणजे कसोटी वाढवली.

२००२ मध्ये कॅथरीन सार्वत्रिक दिनदर्शिकेत परतली, पण ऐच्छिक स्मरणदिन म्हणून. व्हॅलेंटाइनची तारीख १९६९ पासून स्लाव्ह लोकांत धर्मप्रसार करणाऱ्या सिरिल आणि मेथोडियस या दोघा संत भावांकडे आहे.