कताना पारखताना आधी मूठ पाहा : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे कतानाबद्दल, म्हणजे जपानी पद्धतीच्या लांब तलवारीबद्दल, जे मेसेज येतात, त्यांतले बहुतेक एकाच वळणाचे असतात. पात्याचा लांबून काढलेला एक फोटो आणि खाली प्रश्न : ‘दादा, ही ओरिजिनल आहे का?’ पातं चमकत असतं, धारेलगतची नागमोडी पांढरी रेषा उठून दिसत असते, मुठीचा मात्र फोटोच नसतो. आम्ही तो मागितला की काहींना वाटतं, उत्तर द्यायला टाळाटाळ चालली आहे. तसं अजिबात नाही. कमी किमतीच्या कतानात दोष निघतो तो बहुतांशी मुठीत, आणि वापरणाऱ्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला धोका होतो तोही तिथूनच.

‘ओरिजिनल’चं आधी उरकून घेऊ. जपानमध्ये तलवार घडवायला सरकारी परवाना लागतो. परवानाधारक कारागिरालासुद्धा महिन्याला दोनच लांब तलवारी घडवता येतात आणि प्रत्येक तलवारीचं नोंदणीपत्र असतं. तशी तलवार लाखांच्या घरात जाते. दोनशे-चारशे डॉलरला मिळणारी कताना बहुतेक वेळा चीनच्या झेजियांग प्रांतातल्या लोंगछ्वानची असते. त्यात कमीपणा काही नाही. तलवारींसाठी हे गाव जुन्या काळापासून नावाजलेलं आहे आणि तिथल्या चांगल्या कारखान्यांतून निघणारं पातं सरावाला पुरून उरतं. मात्र एवढ्या किमतीत पातं, गार्ड (पातं आणि मूठ यांच्यामधली आडवी चकती), मूठ, म्यान असं सगळं बसवायचं तर कुठेतरी हात आखडता घ्यावा लागतो. पातं गिऱ्हाइकाला दिसतं, मुठीचं पोट दिसत नाही. त्यामुळे काटकसर होते ती मुठीच्या पोटात.

मूठ कशी बनते आणि कशी तपासायची

कतानाच्या मुठीत लाकडाच्या दोन फाळी असतात. पात्याचा जो भाग मुठीत जातो, त्याला नाकागो म्हणतात. त्याच्या मापाची खाच दोन्ही फाळींत आतून कोरायची, फाळी जोडायच्या, वरून पाकट माशाचं खरखरीत कातडं बसवायचं आणि त्यावर सुती किंवा रेशमी पट्टी आवळून गुंडाळायची, अशी ही रीत. शेवटी लाकडातून आणि नाकागोच्या भोकातून आरपार बांबूची एक खुंटी जाते. ती मेकुगी. कतानात स्क्रू नसतो, वेल्डिंग नसतं. पकड असते ती खाचेच्या नेमक्या मापाची, आणि खुंटीचं काम मूठ पुढे-मागे सरकू न देणं एवढंच. खाच सैल कोरली असेल तर सगळा झटका त्या पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या बांबूवर येतो. मग तो आज ना उद्या चेपतो किंवा फुटतो.

तपासायचं असं. तलवार म्यानाबाहेर काढा, आजूबाजूला कुणी नाही याची खात्री करा, टोक वर ठेवून डाव्या हातानं मूठ धरा. आता उजव्या हाताची वळलेली मूठ डाव्या मनगटावर हलकेच आपटा आणि कान द्या. काहीच वाजलं नाही तर उत्तम. खडखड आलीच तर गार्ड दोन बोटांत घट्ट धरून पुन्हा ठोका. आवाज थांबला तर सैलपणा गार्डचा आहे. गार्डच्या दोन्ही अंगांना सेप्पा नावाच्या पितळी चकत्या असतात, त्यांत योग्य जाडीची एक वाढवली की काम होतं, आणि त्याला फार खर्चही नाही. गार्ड धरूनही आतून बारीक ‘टिक टिक’ येत राहिली, तर नाकागो लाकडात हलतोय. अशी तलवार त्या क्षणापासून फिरवायची नाही. म्यानात घाला आणि आम्हाला कळवा.

खुंटीकडे जवळून पाहा. चांगल्या बांबूच्या खुंटीच्या टोकाला तंतूंचे दाट, गडद ठिपके दिसतात. एकसारखं पांढुरकं, मऊ लाकूड दिसलं तर ती बदलायची. अंगठ्यानं दाबून खुंटी सरकता कामा नये. ती एका बाजूला निमुळती असते, तेव्हा काढताना बारीक टोकाकडून पितळी हातोडीनं ठोकावी. दोन खुंट्या असतील तर त्या बऱ्याचदा उलटसुलट बाजूंनी घातलेल्या असतात. जाड टोकाकडून ठोकत बसलात तर मूठ चिरते.

पट्टीच्या चौकटींवर अंगठा आडवा रेटून पाहा, ती सरकू नये. पट्टीचा एक पदर एका ठिकाणी वर, तर पुढच्या ठिकाणी खाली, असा आलटून-पालटून गेला असेल तर बांधणाऱ्यानं मन लावून काम केलंय. चौकटीतून दिसणारं कातडं खरं असेल तर त्याचे दाणे लहान-मोठे असतात, प्लॅस्टिकचे एका साच्यातले.

नाकागो उघडा दाखवणारा फोटो विक्रेत्याकडून मागाच. तो पात्याच्या रुंदीतूनच सलग आलेला, हळूहळू निमुळता होत गेलेला आणि मुठीच्या लांबीच्या निदान दोन तृतीयांशापर्यंत पोचलेला हवा. पात्याला मागे बारीक सळई वेल्ड केलेली असेल आणि मुठीच्या टोकाला नट असेल, तर ती भिंतीवर लावायची वस्तू आहे. स्टेनलेस स्टीलच्या शोभेच्या तलवारी बहुधा अशाच असतात. त्या भिंतीवर छान दिसतात, हातात धरून एकदाही फिरवू नयेत. फोटो द्यायला विक्रेता तयार नसेल तर दुसरा विक्रेता शोधा.

एपॉक्सी लावू नका

या पत्रकातलं एकच वाचणार असाल तर हे वाचा. मूठ हलायला लागली की पुष्कळ जण बाजारातून दोन ट्यूबचा एपॉक्सी गोंद आणतात, खुंटीच्या भोकातून किंवा मुठीच्या तोंडातून आत सोडतात आणि रात्रभर वाळवतात. आठवडाभर मूठ घट्ट वाटते. मग पुन्हा आवाज येतो आणि तलवार आमच्याकडे येते. आमचा सगळ्यात जास्त वेळ या एका गोष्टीत जातो.

असं का सुचतं तेही आम्ही समजू शकतो. आपल्याकडच्या जुन्या तलवारीला पोकळ धातूची मूठ असते आणि पातं त्यात लाख-राळेच्या लुकणानं बसवलेलं असतं. तिथे चिकटवणं हीच रीत आहे, आणि तापवलं की लुकण सुटतंही. कतानाची मूठ मात्र मुळातच उघडण्यासाठी बनवलेली आहे. खुंटी बदलायची, नाकागोला आतून गंज धरला का ते पाहायचं, लाकूड झिजलं तर दुसरी मूठ चढवायची, हे सगळं ती निघते म्हणूनच जमतं.

एपॉक्सी लाकडाच्या रेषांत मुरतो आणि नाकागोला घट्ट धरतो. तापवून सोडवावं तर लाकूड, कातडं, पट्टी सगळं जळतं, आणि पात्याचं पाणी, म्हणजे तापवून झटकन थंड करून आणलेला कडकपणा, उतरायची भीती वेगळीच. मग पट्टी कापावी लागते, कातडं तुकड्यातुकड्यांनी निघतं, लाकूड पटाशीनं फोडावं लागतं आणि नाकागोवरचा कडक थर हातानं खरवडावा लागतो. पातं हातात असताना हे काम घाईनं करता येत नाही. शेवटी जुन्या मुठीतलं वापरण्यासारखं उरतं ते दोन टोकांच्या धातूच्या टोप्या आणि पट्टीखालची नक्षी, तेही नशीब असेल तर. म्हणून चिकटवलेली मूठ आम्ही दुरुस्तीच्या दरात घेत नाही, नव्या मुठीच्या दरात घेतो. यावरून ग्राहकांशी कधीकधी वाद होतो, पण दर बदललेला नाही आणि बदलणारही नाही.

न चिकटवलेली सैल मूठ बहुतेक वेळा वाचते. आतल्या खाचेत जिथे पोकळी आहे तिथे लाकडाचे पातळ काप बसवून आम्ही ती पुन्हा घट्ट करतो आणि बांबूची नवी खुंटी हातानं तासून घालतो. नव्या मुठीच्या तुलनेत हा खर्च बराच कमी आहे.

‘मापं पाठवतो, मूठ बनवून कुरिअर करा’ अशीही मागणी येते, विशेषतः अमेरिकेतल्या आपल्या मंडळींकडून. हे काम आम्ही घेत नाही. एकाच कारखान्याच्या, एकाच मॉडेलच्या दोन तलवारींची मूठ सहसा एकमेकींना बसत नाही, कारण नाकागो हातानं घासलेला असतो. मापावरून केलेली मूठ सैलच बसणार, आणि सैल मूठ विकायची आमची तयारी नाही. परदेशातल्या ग्राहकांना आम्ही फोटो पाहून सल्ला देतो, त्याचे पैसे घेत नाही. खुंटीसाठी तासायचा बांबू आणि पट्टी मात्र पाठवतो. तिकडे हिवाळ्यात घरात हीटर चालू असतो, लाकूड सुकून आकसतं आणि उन्हाळ्यात घट्ट असलेली मूठ जानेवारीत हलायला लागते. त्या महिन्यात ठोकून पाहायची सवय ठेवा.

पात्याबद्दल थोडं

स्टीलच्या आकड्यांना फार घाबरू नका. १०४५, १०६०, १०९५ यांतले शेवटचे दोन आकडे कार्बन सांगतात : अनुक्रमे ०.४५, ०.६० आणि ०.९५ टक्के. टी-१० मध्ये तो एक टक्क्याच्या आसपास असतो. ९२६० हे स्प्रिंगचं स्टील आहे, त्यात सुमारे दोन टक्के सिलिकॉन असतं. कार्बन जास्त म्हणजे तलवार भारी, हा हिशेब चुकीचा आहे. पाणी कसं दिलंय यावर सगळं अवलंबून असतं.

धारेलगतची ती रेषा म्हणजे हामोन. पात्याच्या पाठीवर मातीचा जाड लेप देऊन पाणी दिलं की धार कडक होते आणि पाठ मऊ राहते. या दोन्हींच्या सीमेवर ही रेषा उमटते. खरी-खोटी ओळखायला खोलीत एकच दिवा लावा आणि पातं डोळ्यांच्या रेषेत धरून सावकाश कलवा. खऱ्या रेषेला धूसर कड असते, तिच्यात बारीक कण चमकतात आणि कोन बदलला की ती कमी-जास्त उजळते. ॲसिडनं किंवा तारेच्या ब्रशनं काढलेली रेषा कुठूनही पाहा, सारखीच मळकट पांढरी, आणि तिच्या लाटाही एकसारख्या. खऱ्या रेषेवरही ती ठळक दिसावी म्हणून कारखाने ॲसिड फिरवतात. त्यामुळे नुसत्या फोटोवरून आम्ही छातीठोकपणे काही सांगत नाही.

नवशिक्यानं खऱ्या हामोनसाठी जादा पैसे मोजावेत असं आम्हाला वाटत नाही. अशा पात्याची पाठ मऊ असते. वार तिरका बसला तर पातं वाकतं आणि वाकलेलंच राहतं. पूर्ण पात्याला सारखं पाणी दिलेलं १०६० किंवा ९२६० चुका जास्त सोसतं. ‘हजारो थरांचं घडी घातलेलं स्टील’ यावर तर पैसे घालवूच नका. जपानी लोहार वाळूतल्या लोखंडापासून केलेलं तामाहागाने नावाचं स्टील घड्या घालून एकजीव करतात, कारण ते मुळात एकजीव नसतं. आजचं कारखान्यातलं स्टील आधीच एकजीव असतं. घड्यांनी त्यावर नक्षी येते, ताकद येत नाही. एखादी घडी नीट जुळली नाही तर उलट फट राहते.

बाकी चटकन पाहण्यासारखं : पाठीकडून नजर लावली की पातं सरळ दिसावं. म्यानासकट तलवार उलटी धरली तर पातं आपोआप घसरू नये, आणि अंगठ्याच्या रेट्यानं सहज मोकळं व्हावं. म्यानाशिवाय वजन हजार ते तेराशे ग्रॅमच्या आसपास असावं आणि तोल गार्डपासून चार ते सहा इंचांवर.

पावसाळ्यात मुंबईत आणि कोकणात म्यानाचं लाकूड फुगतं आणि तलवार अडकते. तेवढ्यासाठी म्यानाचं तोंड आतून घासू नका. डिसेंबरात लाकूड आकसलं की पातं आपोआप घसरायला लागेल. पातं दर पंधरा दिवसांनी पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या, आणि उघड्या बोटांनी त्याला शिवू नका.

कायद्याबद्दल

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांच्या यादीत तलवारी येतात. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं हा तिथला निकष आहे. आयातीचे नियम वेगळे आहेत. विकत घेण्याआधी आपल्या भागात काय लागतं ते पोलिसांच्या परवाना शाखेत विचारून घ्या. धार नाही म्हणजे चालतं, असं गृहीत धरू नका. महाराष्ट्रात तलवारीनं वाढदिवसाचा केक कापणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले आहेत. आम्ही धारदार तलवार विकत नाही, मागवूनही देत नाही, आणि कागदपत्रं पाहिल्याशिवाय दुरुस्तीला घेत नाही. नुकतंच शिकायला लागलेल्यांना आम्ही बोक्केन, म्हणजे सरावाची लाकडी तलवार सुचवतो, आणि पुढे इआइतो, म्हणजे जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची सरावाची तलवार. त्याला धार लागतच नाही, आणि तो कशावर आपटायचाही नसतो. आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक इआइतोची मूठ आम्ही उघडून, तपासून, खुंटी बदलून मगच देतो. त्यामुळे तयार माल असूनही हातात पडायला चार दिवस जास्त लागतात.

सल्ल्यासाठी फोटो पाठवताना खुंटीच्या दोन्ही बाजू, मुठीची दोन्ही टोकं, पट्टीचा जवळून घेतलेला एक आणि पाठीकडून पात्याचा एक, असे दिवसाच्या उजेडात काढा. मूठ वाजत असेल तर ठोकतानाचा आवाज रेकॉर्ड करा. हे सगळं पार्सल आल्या आल्या, विक्रेत्याची परतीची मुदत संपायच्या आत पाठवा. काही चिकटवलेलं नसेल तर तलवार परत करण्याचा मार्ग तुम्हाला मोकळा राहतो.