प्रवाळबेटात प्रवाळाचा नंबर चौथा

फुनाफुती हे प्रशांत महासागरातल्या आजच्या तुवालू देशातलं कंकणद्वीप, नकाशावर तुटक्या बांगडीसारखं दिसणारं. 1896 ते 1898 अशी लागोपाठ तीन वर्षं लंडनच्या रॉयल सोसायटीने तिथे माणसं आणि यंत्रं पाठवून जमिनीत भोक पाडून घेतलं. अशी बेटं बनतात कशी, हा एक जुना वाद मिटवायचा होता. डार्विनचं म्हणणं असं, की मूळचा ज्वालामुखी डोंगर हळूहळू समुद्रात खचत जातो, त्याच्या काठाने वाढणारं प्रवाळ मात्र उजेडाच्या ओढीने वर वर चढत राहतं आणि शेवटी डोंगर गडप होऊन नुसतं कडं उरतं. हे खरं असेल तर भोकाच्या तळाशी ज्वालामुखीचा काळा दगड लागायला हवा होता. सिडनीचे भूशास्त्रज्ञ एजवर्थ डेव्हिड यांनी दुसऱ्या मोहिमेत काम बरंच पुढे नेलं, तिसऱ्या मोहिमेत भोक 1,114 फुटांवर पोचलं, पण काळा दगड काही लागला नाही. तो लागला 1952 मध्ये, तिथून बराच लांब असलेल्या एनिवेटॉक बेटावर, बाराशे मीटरपेक्षा खोल गेल्यावर. बेसाल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा दगड ज्या जातीचा, त्याच जातीचा. डार्विन बरोबर होता.

फुनाफुतीच्या मोहिमेबद्दल बोलताना लोक सहसा इथेच थांबतात. मला मात्र 1904 च्या अहवालातली दुसरीच गोष्ट जास्त मजेदार वाटते. भोकातून वर आलेला माल आणि आसपासचा खडक तपासून, हे बेट नेमकं कोणी बांधलं याची क्रमवारी अहवालात दिली आहे. पहिला नंबर दगडासारख्या कडक गुलाबी शैवालाचा. दुसरा हॅलिमेडा नावाच्या हिरव्या शैवालाचा. तिसरा फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म कवचधारी जीवांचा. आणि प्रवाळ चौथं. सगळ्याच बेटांवर असाच क्रम लागतो असं नाही, पण ज्याच्या नावाने बेट ओळखलं जातं, तोच गडी यादीत चौथा निघावा हे गमतीचंच.

मराठीत शेवाळ या शब्दाला काही मान नाही. शेवाळ म्हणजे विहिरीच्या पायरीवर साचलेला, पाय घसरवणारा हिरवा बुळबुळीत थर. मालवणला ओहोटीच्या वेळी खडकांवर हिंडताना मीही एकदा असा आपटलोय, की पुढे आठवडाभर मांडी ठेचल्यासारखी दुखत होती. पाठ्यपुस्तकात त्याचंच शैवाल होतं, म्हणजे मात्रा बदलते, प्रतिष्ठा तेवढीच राहते. आणि या एका शब्दात आपण गवंडी, वाळूवाला, घरचा आचारी आणि घर बळकावणारा भाडेकरू असे चौघेही कोंबले आहेत.

आधी गवंडी. भर समुद्रातून येणारी लाट प्रवाळखडकाच्या ज्या कडेवर फुटते, तिथे नाजूक फांद्यांचं प्रवाळ टिकत नाही. तिथे दिसतो तो गुलाबी-जांभळा, हात लावला तर खरखरीत लागणारा थर. कोणी वाळलेला ऑइल पेंट समजेल. तो जिवंत असतो. हे शैवाल स्वतःच्या पेशींच्या भिंतींत चुना भरत जातं आणि वर्षाला फार तर काही मिलिमीटर वाढतं, पण मोडून पडलेले प्रवाळाचे तुकडे, शिंपले, वाळू असं सगळं सांधून एकसंध खडक करतं. लाटेचा पहिला तडाखा हा बांध झेलतो, आणि त्याच्या आडोशाला लगूनचं, म्हणजे कड्याच्या आतल्या उथळ तळ्याचं, शांत पाणी राहतं.

त्याचं दुसरं काम याहून सूक्ष्म आहे. प्रवाळाची अळी पाण्यात तरंगत असते आणि आयुष्यात एकदाच जागा निवडते. एकदा बसली की बसली. तेव्हा ती खडक चाचपून बघते, आणि बऱ्याच जातींच्या अळ्या या गुलाबी थरावर किंवा त्याच्या जवळ बसणं पसंत करतात. थरावर वाढणारे काही जिवाणू ब्रोमीन असलेलं एक रसायन तयार करतात आणि त्याच्या स्पर्शाने अळी पोहणं सोडून रूप बदलायला लागते, हे प्रयोगात दिसलं आहे. शिवाय काही गुलाबी शैवालं आपली वरची साल अधूनमधून सोडतात, त्यामुळे वर रुजू पाहणारं झिपरं शेवाळ सालीसकट निघून जातं. अळीला स्वच्छ केलेली जागा मिळते ती अशी.

वाळूवाला हॅलिमेडा तर माझा विशेष लाडका. दिसायला छोट्या निवडुंगासारखा, म्हणजे चपट्या चकत्या एकीला एक जोडलेल्या. हे अख्खं झाड मिळून एकच पेशी असते. आत कुठेही भिंती नाहीत, सगळीकडे एकच सलग नळ्यांचं जाळं. नवी चकती बहुतेक रात्रीच फुटते आणि सुरुवातीला पांढरी असते. पहाटेपर्यंत हरितकण नळ्यांतून सरकत तिच्यात शिरतात आणि उजाडायच्या आत ती हिरवी होऊन कामाला लागते. मासे दिवसा चरतात, तेव्हा कोवळा भाग अंधारात वाढवून घ्यायचा हा हिशोब चांगलाच आहे. मग चकतीत चुना भरत जातो आणि ती कडक होते. प्रजननाची वेळ आली की झाड आपला सगळा जीवनरस गाठोडं बांधावं तसा बाहेर काढतं. दुसऱ्या दिवशी उरतो तो पांढराफटक सांगाडा. त्याच्या चकत्या सुटतात, आणि ती झाली वाळू. प्रशांत महासागरातल्या कितीतरी पांढऱ्याशुभ्र किनाऱ्यांवर पर्यटक ज्यावर पहुडतात, त्या वाळूत पोपटमाशाने दळून टाकलेल्या प्रवाळाबरोबर या मेलेल्या शैवालाचाही मोठा वाटा असतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या मागे, जरा खोल पाण्यात, हॅलिमेडाच्या चुऱ्याचे मेदूवड्याच्या आकाराचे ढिगारे आहेत. विमानातून लेझरने समुद्रतळ मोजला तेव्हा 2016 मध्ये कळलं, की त्यांचा पसारा सहा हजार चौरस किलोमीटरपेक्षा जास्त आहे.

आचाऱ्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. उष्ण कटिबंधातलं निळंशार पाणी म्हणजे खरं तर उपाशी पाणी. त्यात पोषणद्रव्यं जवळजवळ नसतात, म्हणून तर ते इतकं नितळ. तिथे प्रवाळ जगतं ते आपल्या पेशींच्या आत पाळलेल्या एकपेशीय शैवालाच्या जिवावर. चौरस सेंटिमीटरला दहा-वीस लाख पेशी, आणि त्या यजमानाला लागणाऱ्या ऊर्जेतला मोठा भाग पुरवतात, काही प्रवाळांना तर नव्वद टक्क्यांपर्यंत. पाणी काही आठवडे नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी जास्त तापलं की हा संसार मोडतो. शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं. 2015-16 च्या एल निनोत जार्विस या निर्मनुष्य बेटावरचं पंचाण्णव टक्क्यांहून जास्त प्रवाळ मेलं. तिथे ना मासेमारी, ना सांडपाणी. तेव्हा पुढे मी माशांचं जे कौतुक करणार आहे, ते या बेताने घ्यावं.

आता भाडेकरू. प्रवाळ मेलं की त्याचा सांगाडा म्हणजे रिकामी खोली, आणि ती पहिली कोण बळकावतं? काही दिवसांतच त्यावर बारीक केसाळ शेवाळ येतं. ते तसंच वाढू दिलं तर जाड, चिवट, उंच जाती येतात, आणि मग अळीला बसायला जागाच उरत नाही. म्हणजे सगळी भिस्त चरणाऱ्यांवर. पोपटमासे, सर्जन मासे आणि सी अर्चिन, म्हणजे काट्यांच्या चेंडूसारखे दिसणारे समुद्री जीव, ही या माळरानाची गुरं.

ताहितीशेजारच्या मोरेआ बेटावर हे अगदी जवळून बघायला मिळालं. तिथे 2004 पासून सलग निरीक्षणं चालू आहेत, त्यामुळे आधी काय होतं हे नंतर आठवत बसावं लागलं नाही. 2006 पासून काटेरी तारामाशांची झुंड आली आणि तिने प्रवाळ फस्त केलं. उरलेले सांगाडे फेब्रुवारी 2010 मध्ये ‘ओली’ नावाच्या चक्रीवादळाने उत्तर किनाऱ्यावरून झाडून नेले. बाहेरच्या उतारावर जिवंत प्रवाळ पाच टक्क्यांच्या खाली आलं. जमैकात 1980 च्या दशकात असंच वादळानंतर, आणि अर्चिन साथीने मेल्यावर, शेवाळाने खडक कायमचा ताब्यात घेतला होता. मोरेआत तसं झालं नाही. केसाळ शेवाळाचं कुरण पसरलं तसे पोपटमासे वाढले आणि त्यांनी ते इतकं तासून ठेवलं, की खालचा गुलाबी थर उघडा राहिला. अळ्या आल्या, बसल्या, आणि दहाएक वर्षांत उतार पुन्हा प्रवाळाने भरला.

पण त्याच बेटाच्या आतल्या लगूनमध्ये टर्बिनेरिया नावाच्या तपकिरी शैवालाने ठाण मांडलं आहे. कातड्यासारखं चिवट आणि वरून काटेरी. तिथेही मासे आहेत, मग ते खात का नाहीत? भेंडी निवडणाऱ्या कोणालाही याचं उत्तर माहीत आहे. कोवळं असताना मासे ते खातात, एकदा जून झालं की तोंड लावत नाहीत. शिवाय जून झाडांच्या गर्दीत नवे कोंब लपून वाढतात. म्हणजे शेवाळ उगवूच नये यासाठी जितके मासे पुरतात, तितकेच मासे माजलेलं शेवाळ हटवायला पुरत नाहीत. मासेमारी थोडी कमी करून बघू, सुधारलं तर सुधारलं, हा विचार इथे फसतो तो यामुळेच. टर्बिनेरियाला हवेच्या पिशव्या असतात. लाटेने उपटलं तरी ते बुडत नाही, तरंगत दुसऱ्या बेटाला लागतं. फ्रेंच पॉलिनेशियात 1980 च्या दशकापासून ते असंच पसरत गेलं.

काही प्रवाळांनी स्वतःचा राखणदार ठेवलेला असतो. फिजीमध्ये डॅनिएल डिक्सन आणि मार्क हे या शास्त्रज्ञांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग असा: फांद्यांच्या एका प्रवाळाला क्लोरोडेस्मिस नावाच्या विषारी हिरव्या शैवालाचा झुबका टेकवून ठेवायचा. याचा नुसता स्पर्शही प्रवाळाला जाळतो. पंधरा मिनिटांच्या आत फांद्यांमध्ये राहणारे बोटाएवढेही नसलेले गोबी मासे, म्हणजे आपल्या खाडीतल्या निवट्यांचे दूरचे नातलग, तिथे हजर झाले आणि झुबका कुरतडायला लागले. तीन दिवसांत तो सुमारे तीस टक्के कमी झाला. माशांना शेवाळाचा वास बोलावत नाही, हेही त्यांनी तपासलं. शेवाळ टेकलेल्या प्रवाळाभोवतालचं नुसतं पाणी नेऊन सोडलं तरी मासे येत. हाक प्रवाळाची असते. दोनपैकी एका जातीचा गोबी तर ते विष गिळतो आणि स्वतः शत्रूंसाठी आणखी विषारी होतो. भाड्याच्या बदल्यात राखण, आणि वर पगार.

माणूस मध्ये आला की हिशोब कसे बिघडतात याची दोन उदाहरणं देतो. अमेरिकन समोआतल्या रोझ या निर्मनुष्य कंकणद्वीपाची कड गुलाबी शैवालाची. ऑक्टोबर 1993 मध्ये एक मासेमारी जहाज तिच्यावर चढलं. सुमारे एक लाख गॅलन डिझेल सांडलं आणि गुलाबी शैवाल मेलं. पण खरा लांबलचक त्रास दिला तो गंजणाऱ्या लोखंडाने. भर समुद्रातल्या पाण्यात लोह जवळजवळ नसतंच, त्यामुळे तिथे मोडकं जहाज म्हणजे खताचं पोतं. काळपट सूक्ष्मजीव आणि केसाळ शेवाळ पसरत गेलं, आणि भंगार उचलायला पुढे कितीतरी वर्षं गेली.

दुसरं उदाहरण हवाईतल्या कानेओहे उपसागराचं. 1970 च्या दशकाअखेरपर्यंत त्यात सांडपाणी सोडलं जाई आणि फुगेवाल्या हिरव्या शैवालाने प्रवाळ झाकून टाकलं होतं. सांडपाणी खोल समुद्रात वळवल्यावरही ते पूर्ण हटलं नाही. हटलं ते 2006 मध्ये, सहा आठवडे सलग पाऊस आणि ढग राहिले तेव्हा, उजेडाअभावी. तोवर दुसरं आलेलं होतं. 1974 मध्ये शेतीच्या प्रयोगासाठी कप्पाफायकस हे लाल शैवाल तिथे आणलं गेलं. त्यातून निघणारा कॅराजीनन आइस्क्रीमपासून टूथपेस्टपर्यंत सगळीकडे लागतो. ते पसरलं. मग बोटीवरच्या पंपाने ते ओढून काढायचं आणि मागोमाग हॅचरीत वाढवलेले सी अर्चिन सोडायचे, अशी मोहीम सुरू झाली. नुसतं उपटून भागत नाही, कारण बोटभर तुकडा राहिला तरी पुन्हा फुटतो. हेच शैवाल आपल्याकडे तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लागवडीसाठी आलं, आणि 2008 मध्ये मन्नारच्या आखातातल्या कुरुसडाई बेटाजवळ जिवंत प्रवाळावर चढलेलं सापडलं.

हवाईयन भाषेत शेवाळाला लिमू म्हणतात, पण नुसतं लिमू म्हणून कोणी थांबत नाही. प्रत्येक जातीला नाव असतं आणि कुठलं कशाबरोबर खायचं हे ठरलेलं असतं. इझाबेला ॲबट यांना ही नावं आईने किनाऱ्यावर शिकवली. पुढे 1950 मध्ये त्या विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या मूळ हवाईयन महिला ठरल्या आणि प्रशांत महासागरातल्या शैवालांच्या सर्वात मोठ्या जाणकारांपैकी एक झाल्या. त्यांनी नोंदवलेल्यांपैकी एक आहे लिमू काला. काला म्हणजे सोडवणं, मोकळं करणं, माफ करणं. घरातलं भांडण मिटवायला सगळे एकत्र बसत, तेव्हा हे शैवाल वाटून खात. आपल्या कीर्तनानंतरच्या काल्याशी याचा काडीचाही संबंध नाही, पण वाचताना मी क्षणभर थबकलो खरा.

लिमू काला हे तपकिरी, कडक सरगॅसम. पोपटमासे ते सहसा टाळतात. कपाळावर शिंग असलेला एक राखाडी मासा मात्र ते आवडीने खातो. हवाईत त्या माशालाही कालाच म्हणतात.