उत्सवी नाटक, मोबाइल आणि ‘प्रयोग’ या शब्दाचा गुंता

कार्तिक सुरू झाला की गोव्यातल्या देवळांपुढे नाटकं उभी राहतात आणि आता बऱ्याच ठिकाणी मंडपाच्या खांबाला एक मोबाइल बांधलेला दिसतो. तो कुणाच्या परवानगीने बांधायचा आणि त्यातून बाहेर गेलेलं नाटक कुणाचं, यावरून नाट्यमंडळं आणि देवस्थान समित्या यांच्यात खटके उडतात. त्याची ही पार्श्वभूमी.

यंत्र या रंगभूमीला नवं नाही. पणजीत पोर्तुगीज अमदानीतच, १९४६ साली, रेडिओ केंद्र सुरू झालं. मुक्तीनंतर त्याच शहरातल्या आकाशवाणीने नाट्यसंगीत घराघरांत नेलं. पुढे टेपरेकॉर्डर आला, मग लग्नाचं शूटिंग करणारा व्हिडिओवाला नाटकालाही येऊ लागला. पण कॅसेट कपाटात राहायची. फार तर शेजारच्या वाड्यावर जायची, परत यायची. म्हणून तेव्हा कुणी कुणाला काही विचारलं नाही, आणि विचारायची सवयही लागली नाही.

२०१६च्या अखेरीस मोबाइलवरचा डेटा स्वस्त झाला आणि २०२०च्या टाळेबंदीत देवळांची दारं बंद झाली. मुंबई-पुण्याला, कारवारला, आखातात असलेल्या कुळाव्यांना, म्हणजे त्या देवाला कुलदैवत मानणाऱ्यांना, घरबसल्या आरती आणि पालखी दिसावी, म्हणून समित्यांनी थेट प्रक्षेपण सुरू केलं. तो निर्णय योग्यच होता. दारं उघडली, गर्दी परतली, मोबाइल मात्र खांबावरच राहिला. पालखी मंडपात टेकली की नाटक सुरू होतं, त्यामुळे पालखीपाठोपाठ नाटकही थेट जाऊ लागलं. हे कुणी ठरवून केलं नाही, आणि नेमकी तीच अडचण आहे.

सगळा गुंता ‘प्रयोग’ या एका शब्दात आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याने हौशी मंडळांना मोठी सवलत दिली आहे: प्रेक्षकांकडून पैसे घेतले नाहीत, किंवा प्रयोग धार्मिक संस्थेच्या लाभासाठी असला, तर नाटक करणं हा लेखकाच्या हक्काचा भंग ठरत नाही. उत्सवी नाटक या चौकटीत चपखल बसतं. समोर सतरंजीवर गाव बसलेला, तिकीट नाही. पण ही सवलत प्रयोगाला आहे. तोच प्रयोग मोबाइलमधून लोकांपर्यंत पोहोचवणं ही कायद्याच्या लेखी वेगळी कृती आहे आणि सवलतीच्या कलमात तिचा उल्लेख नाही. मंडळ म्हणतं, ‘आम्ही एकच प्रयोग केला.’ कायदा त्यात दोन गोष्टी बघतो. लेखक वारल्यावर ६० वर्षांनी संहिता खुली होते, त्यामुळे जुन्या संगीत नाटकांना हा काच नाही. कालपरवाच्या सामाजिक नाटकांना आहे.

जुन्या नाटकांना वेगळाच काच आहे. फोंडा तालुक्यातल्या एका जत्रेत मी कडेच्या बाकावर बसलो होतो. दुसऱ्या अंकातलं पद रंगलं होतं. गाणारा वाड्यावरचाच इलेक्ट्रिशियन, ऑर्गनच्या भात्याला चिकटपट्टी, तबलजी समेवर मान हलवत होता. तेवढ्यात मोबाइल सांभाळणाऱ्या मुलाला मुंबईहून त्याच्या मावशीचा फोन आला: ‘कितें जालें रे, आवाज खंय गेलो?’ मोबाइलच्या पडद्यावर सूचना झळकत होती की हे संगीत एका कंपनीच्या मालकीचं आहे. ध्वनिमुद्रणं ताडून पाहणाऱ्या यंत्रणेला चाल ओळखता आली, गळा ओळखता आला नाही. पद संपलं, मंडपात ‘वन्स मोअर’ झाला, आणि दूरच्या कुळाव्यांनी तो मुका पाहिला.

गाणाऱ्याचा हक्क कायद्यात नाही असंही नाही. १९९४च्या दुरुस्तीने कलावंताला स्वतंत्र हक्क दिला. त्या व्याख्येत नट, गायक, वादकांबरोबर कसरतपटू, जादूगार, अगदी गारुडीही आहे, मग आमचा इलेक्ट्रिशियन का नसावा? त्याच्या संमतीशिवाय त्याचं गाणं मुद्रित करता येत नाही. प्रत्यक्षात वाहिनी समितीच्या नावावर, खाली देणगीदारांच्या जाहिराती, आणि नटांना आपलं नाटक थेट चाललंय हे रंग पुसताना कळतं.

समित्यांची बाजू अशी की उत्सव देवाचा, मंडप देवस्थानचा, आणि कुळाव्यांनाही तो बघायचा अधिकार आहे. देवस्थानांचा कारभार आजही १९३३च्या पोर्तुगीजकालीन नियमावलीवर उभा आहे. तिचा भर महाजनांचे (देवस्थानच्या सभासदांचे) हक्क, निवडणूक आणि हिशेब यांवर. चित्रीकरणाचा प्रश्न तेव्हा पडण्याचं कारणच नव्हतं. म्हणून निर्णय त्या वर्षीच्या अध्यक्षाच्या मर्जीवर जातो. मला हे मान्य नाही. दोन महिने रात्री दहानंतर तालीम करणारी माणसं मंडळाची असतात, तेव्हा पहिला शब्द त्यांचा हवा.

माझ्या ओळखीच्या दोन मंडळांनी आता वाचनाच्या दिवशीच एक कागद करायला सुरुवात केली आहे. कुठले अंक थेट दाखवायचे, चित्रफीत किती दिवस ठेवायची, आणि पद सुरू झालं की कॅमेरा चालू ठेवायचा की नाही, एवढंच त्यात असतं. खाली सगळ्यांच्या सह्या, नटांच्या, ऑर्गनवाल्याच्या, पडदा ओढणाऱ्याच्याही. एक प्रत समितीकडे जाते, दुसरी प्रॉम्प्टरच्या वहीत.