मोटार चोवीसपट लहान होते, रंग होत नाही

प्लॅस्टिकच्या किटमधून बांधायच्या मोटारींची दोन प्रमाणे सर्वांत प्रचलित आहेत, १/२४ आणि १/२५. पैकी १/२४ हे फूट-इंचांच्या हिशेबातले माप आहे. खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे मॉडेलवर अर्धा इंच. साडेचार मीटर लांबीची गाडी या प्रमाणात १८७.५ मिलिमीटरची, म्हणजे वीतभर होते. चाके, आरसे, दारांच्या मुठी त्याच हिशेबाने लहान होतात आणि ते काम साचा बनवणाऱ्याने आधीच करून ठेवलेले असते. पण रंगाची जाडी, द्रवाचा पृष्ठताण आणि प्रकाशाची तरंगलांबी या तीन गोष्टी कोणाच्याही सांगण्यावरून लहान होत नाहीत. पूर्ण झालेले मॉडेल खेळणे वाटते की खरी गाडी, हे बहुतेक वेळा या तिघांवरच ठरते.

खऱ्या मोटारीवर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर म्हणजे क्लिअर कोट मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन जाडी भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या जाडीला २४ ने भागले तर मॉडेलवर जेमतेम ४ ते ५ मायक्रॉनचा थर असायला हवा. एवढ्या थराने खालचे प्लॅस्टिकही झाकले जात नाही. प्रत्यक्षात हात बसलेल्या माणसाच्या मॉडेलवरही सगळे थर मिळून ६० ते १०० मायक्रॉन होतातच. मधले ८० धरले, तर खऱ्या गाडीच्या मापात तो जवळजवळ २ मिलिमीटरचा लेप झाला. आता दाराची फट घ्या. खऱ्या गाडीत ती ४ मिलिमीटर असेल, तर मॉडेलवर १६७ मायक्रॉन. दोन्ही भिंतींवर ८०-८० मायक्रॉन रंग बसला, की उरले ७ मायक्रॉन. म्हणजे फट बुजलीच.

म्हणून रंगाच्या आधीच दारे, बॉनेट आणि डिकीच्या रेषा खोल कराव्या लागतात. रुंद नव्हे, खोल. रेषा डोळ्याला दिसते ती तिच्या तळाशी पडणाऱ्या सावलीमुळे, आणि सावली रुंदीपेक्षा खोलीवर अवलंबून असते. ०.१५ मिलिमीटर रुंदीची कोरणी किंवा जुन्या ब्लेडच्या टोकाची पाठ रेषेतून पाच-सहा वेळा हलक्या हाताने ओढावी. पहिल्याच फटक्यात जोर लावला तर हत्यार रेषेबाहेर घसरते आणि तो चरा बुजवत बसावे लागते. वळणावर सरळपट्टी उपयोगी पडत नाही. तिथे कडक चिकटपट्टीचे दोन थर रेषेलगत लावून त्यांचा आधार घ्यावा.

बोनेटवरची उठावाची अक्षरे आणि बोधचिन्हे तर याहून नाजूक. त्यांची उंची अनेकदा ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते आणि चौथ्या-पाचव्या हातानंतर ती नुसते फुगवटे होतात. यावर एक सुंदर उपाय आहे. प्रायमर लावून झाल्यावर, रंगाच्या आधी, त्या अक्षरांवर मागे गोंद असलेल्या पातळ अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा लावायचा, कापसाच्या काडीने घासून अक्षरांत बसवायचा आणि कडेने कापायचा. मग नेहमीप्रमाणे रंगवायचे. क्लिअर कोट सुकल्यावर अगदी बारीक पॉलिश पेपर अक्षरांच्या माथ्यावरून हलकेच फिरवला, की तेवढाच रंग निघतो आणि खालचे फॉइल क्रोमसारखे उघडे पडते. अक्षरे पुन्हा धारदार दिसतात. ब्रशने रंगवून ही धार कधी येत नाही.

रंगापूर्वीची बाकीची तयारी थोडक्यात सांगता येईल, पण ती टाळता येत नाही. सुटे भाग कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाने धुवावेत, कारण साच्यातून सुटण्यासाठी वापरलेला तेलकट पदार्थ त्यांवर राहिलेला असू शकतो. पाणी फार गरम नको. किटचे प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन सुमारे १०० अंश सेल्सिअसला मऊ पडते, पण पातळ खांब त्याच्या बरेच आधी वाकू शकतात. भाग ज्या प्लॅस्टिकच्या सांगाड्याला जोडलेले येतात त्यापासून तोडताना दोनदा कापावेत, आधी थोडा दांडा ठेवून आणि मग लगत. एकदाच लगत कापला तर ताणामुळे प्लॅस्टिक पांढरे पडते, कधी खड्डाही पडतो. बॉडीचा साचा अनेक तुकड्यांचा असतो. ते तुकडे जिथे भेटतात तिथे मडगार्डांच्या माथ्यावर आणि छताच्या खांबांवर बारीक शिवण उमटते. खऱ्या गाडीवर ती नसते, म्हणून ४००, ६०० आणि १००० नंबरच्या वॉटर पेपरने ती काढावी. जिथे प्लॅस्टिक जाड असते तिथे आतला भाग उशिरा थंड होऊन आकसतो आणि वर खळगा पडतो. त्यात लांबी (पुट्टी) भरावी लागते. साध्या लांबीतला द्रावक उडून गेला की तीही आकसते, म्हणून एकदम भरण्यापेक्षा दोन पातळ थर, मध्ये एक रात्र.

प्रायमरचे खरे काम चिकटण्याइतकेच दाखवण्याचे आहे. एकरंगी करड्या पृष्ठभागावर प्रत्येक चरा आणि राहिलेली शिवण दिसते. लाल प्लॅस्टिकवर पांढरा किंवा पिवळा रंग द्यायचा असेल, तर मात्र एक वेगळाच धोका असतो. लॅकर प्रकारच्या रंगातला द्रावक प्लॅस्टिकचा वरचा थर किंचित विरघळवतो, त्यातला लाल रंग वर झिरपतो आणि चार दिवसांनी गाडी गुलाबी दिसू लागते. आणखी पांढरा रंग दिल्याने हे थांबत नाही, कारण त्याबरोबर आणखी द्रावकही जातो. आधी चंदेरी रंगाचा थर दिला, की त्यातल्या धातूच्या चपट्या पापड्या एकमेकींवर पडून वाट अडवतात.

आता पृष्ठताण. ओल्या रंगाचा पृष्ठभाग कमीत कमी क्षेत्रफळाकडे ओढ घेतो. बाहेर आलेल्या धारेवर या ओढीमुळे द्रवात दाब वाढतो आणि रंग धारेवरून सपाट भागाकडे ढकलला जातो. आतल्या कोपऱ्यात उलटे घडते, तिथे रंग साचतो. हा दाब वक्रतेच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. खऱ्या मडगार्डच्या घडीची त्रिज्या ३ मिलिमीटर असेल, तर मॉडेलवर ती ०.१२५ मिलिमीटर आणि तिथला दाब २४ पट. जी धार खऱ्या गाडीवर सहज झाकली जाते ती मॉडेलवर उघडी का पडते, याचे उत्तर या आकड्यात आहे.

त्यावरून फवारणीचा क्रमही ठरतो. आधी धारा, चाकांच्या कमानी आणि खिडक्यांच्या कडा यांवर दोन धुरकट हात मारायचे, इतके कोरडे की रंग वाहूच नये. दहा मिनिटांनी छत, बोनेट, बाजू असा पहिला ओला हात, मग आणखी एक किंवा दोन. फवारा गाडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवावा आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा. ०.३ मिलिमीटरच्या नोझलचा एअरब्रश, १ ते १.४ बार दाब आणि १० ते १२ सेंटिमीटर अंतर ही लॅकरसाठी सुरुवातीची मापे. रंगाच्या एका भागाला थिनरचा दीड भाग. कपाच्या भिंतीवरून ओघळताना मागे सलग पातळ पडदा राहिला, तर मिश्रण जमले. अंतर जास्त झाले तर थेंब वाटेतच अर्धवट सुकतात, एकमेकांत मिसळत नाहीत आणि संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा, म्हणजे ऑरेंज पील, तयार होते. जवळून मारले तर ओघळ. कुठे गोल खळगे पडून रंग मागे सरकत असेल, तर तिथे सिलिकोन किंवा बोटांचे तेल आहे. त्यावर आणखी रंग मारण्यात अर्थ नाही, धुऊन पुन्हा सुरुवात करावी.

स्प्रे कॅनमध्येही चांगले काम होते, फक्त त्याचे भौतिकशास्त्र लक्षात ठेवावे. डब्यात रंग बाहेर ढकलणारा वायू द्रवरूपात असतो. फवारताना तो उकळतो, डबा गार पडतो, दाब उतरतो आणि थेंब मोठे होतात. मारण्यापूर्वी डबा ४० अंशांच्या पाण्यात पाच मिनिटे ठेवला, की दाब वाढून फवारा बारीक होतो. ५० अंशांच्या वर कधीच नाही आणि ज्योतीजवळ तर मुळीच नाही.

दमट हवेत लॅकरवर पांढुरकी छटा येते. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, तापमान दवबिंदूखाली उतरते आणि हवेतले पाणी ओल्या रंगावर जमते. सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर गेली की हा धोका धरून चालावे. शक्य असेल तर दिवस बदलावा. नाहीतर सावकाश उडणारा रिटार्डर थिनरमध्ये मिसळावा. छटा आलीच असेल, तर नुसत्या रिटार्डरचा हलका हात मारल्यावर थर पुन्हा मऊ होतो, अडकलेले पाणी निघून जाते आणि बहुतेक वेळा चमक परत येते.

मेटॅलिक रंगात प्रमाणाचा प्रश्न पुन्हा समोर येतो. मोटारीच्या रंगातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पापड्या साधारण १० ते ३० मायक्रॉनच्या असतात. २० मायक्रॉनची पापडी मॉडेलवर वापरली तर ती खऱ्या गाडीवर अर्ध्या मिलिमीटरच्या टिकलीइतकी ठरते. खऱ्या गाडीच्या रंगाचा डबा आणून मॉडेल रंगवले तर छटा तंतोतंत जुळते, पण गाडी चमचम करते. मॉडेलसाठी बारीक पापड्यांचा रंगच घ्यावा. शिवाय पापड्या कोणत्या कोनात बसतात यावर छटा बदलते. म्हणून बोनेट, बंपर, आरसे असे सुटे भाग गाडीवर जसे बसणार त्याच दिशेत स्टँडवर लावून, बॉडीबरोबर एकाच बैठकीत रंगवावेत. वेगळ्या दिवशी रंगवलेला बंपर ओळखू येतोच.

एकावर एक रंग देताना त्यांचे रसायन पाहावे. लॅकर फक्त द्रावक उडून सुकते आणि पुन्हा त्याच द्रावकात विरघळते. इनॅमल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू जाळीदार होते, त्याला आठवडा किंवा अधिक लागतो. वाळलेल्या लॅकरवर इनॅमल खुशाल द्यावे. उलटे केले तर लॅकरचा थिनर अर्धवट घट्ट झालेल्या इनॅमलमध्ये शिरतो, थर फुगतो आणि सुरकुत्या पडतात. सुकले की नाही हे बोटाने तपासू नये, नाकाने तपासावे. थिनरचा वास येतो तोवर रंग सुकलेला नाही. हेच थिनर फुप्फुसात जातात, म्हणून खेळती हवा आणि सेंद्रिय वाफा शोषणारे कार्ट्रिज असलेला मास्क हवाच. धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. दोन घटकांच्या युरेथेन क्लिअरमध्ये आयसोसायनेट असते. त्याने दमा जडू शकतो. योग्य संरक्षण नसेल तर तो प्रकार वापरूच नये.

क्लिअर कोटची घासाई म्हणजे प्रकाशाशी सामना. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. चरे यापेक्षा बरेच मोठे असतील तोवर प्रकाश विखुरतो आणि पृष्ठभाग मंद दिसतो. पी २००० कागदाचा कण सुमारे १० मायक्रॉनचा, म्हणून त्यानंतर गाडी धुरकट दिसली तर घाबरू नये. साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात २०००, मग ३०००, मग जाड, बारीक आणि शेवटचे असे तीन पॉलिशिंग कंपाउंड. प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीचे चरे पूर्ण जाईपर्यंत घासत राहावे. क्लिअर जेमतेम ३० ते ५० मायक्रॉन असतो आणि धारांवर त्याहूनही कमी, कारण पृष्ठताणाने तो तिथून आधीच हटवलेला असतो. घासण्यापूर्वी प्रत्येक घडीवर दोन मिलिमीटर रुंद मास्किंग टेप लावावी आणि शेवटच्या कंपाउंडच्या वेळीच ती काढावी.

क्रोमबाबत एकच सांगणे आहे. काळ्याभोर, गुळगुळीत थरावर अगदी कमी दाबाने क्रोम रंगाचा धूर द्यावा आणि त्यावर काहीही मारू नये. क्लिअरचा द्रावक आडव्या पडलेल्या पापड्या विस्कटतो आणि आरशाचा साधा चंदेरी रंग होतो.

रेषांत गडद इनॅमल सोडताना ते भरपूर थिनरने पातळ केलेले असते आणि केशाकर्षणाने रेषेतून आपोआप धावते. हे छान दिसते, पण उघड्या प्लॅस्टिकवर करू नये. ताणाखाली बसवलेल्या भागात थिनर शिरला की पॉलिस्टायरीन तडकते. चंदेरी किंवा पांढऱ्या गाडीवर काळ्याऐवजी मध्यम करडा वापरावा, कारण एवढ्या लहान फटीतली सावली पूर्ण काळी दिसत नाही. इंजिनात वायरी घालायच्या तर तेच गणित. स्पार्क प्लगची खरी वायर ७ ते ८ मिलिमीटर जाड, मॉडेलवर ०.३ मिलिमीटर. घरात सहज सापडणारी बहुतेक तार यापेक्षा जाड असते आणि इंजिन दोरखंडांनी बांधल्यासारखे दिसते.

जोडणीत पारदर्शक प्लॅस्टिकच्या काचांना सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणारा गोंद, लावू नये. त्याची वाफ हवेतल्या ओलाव्याने घट्ट होऊन काचेवर पांढरी बुरशी आल्यागत बसते. पांढरा पीव्हीए गोंद सुकल्यावर पारदर्शक होतो आणि चुकला तर पाण्याने पुसता येतो. टायर मऊ व्हिनाइलचे असतील, तर त्यातले मऊपणा देणारे रसायन काही वर्षांत पॉलिस्टायरीनच्या रिममध्ये झिरपून ती वितळवते. जुन्या, न उघडलेल्या किटमध्येही टायरला टेकलेल्या काचेवर त्याच्या नक्षीचा ठसा उमटलेला सापडतो. किट घरी आणले की सर्वांत आधी टायर वेगळ्या पिशवीत काढून ठेवावेत, आणि बसवताना रिमभोवती फॉइलची एक पट्टी गुंडाळावी.