चावी गाडीत अडकली की चावी हरवली?

गाडी बंद, दार उघडत नाही आणि चावी हाताशी नाही, अशा वेळी बहुतेक जण चावीवाल्याला फोन करून ‘गाडीची चावी नाही’ एवढेच सांगतात. वास्तविक चावी आत अडकणे आणि चावी हरवणे या दोन निराळ्या अडचणी आहेत, आणि पहिलीवर दुसरीचा उपाय केला, तर वेळ आणि पैसा दोन्ही विनाकारण जातात.

चावी सीटवर पडलेली काचेतून दिसत असेल, तर नवी चावी करण्याची गरजच नसते. फक्त दार उघडायचे असते. सरावलेला कारागीर दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात प्लास्टिकची पातळ पाचर सारतो, तिच्या आधाराने हवेची चपटी पिशवी आत सरकवतो आणि रबरी फुगा दाबत ती हळूहळू फुगवतो. बोटभर फट पडली की लांब सळई आत घालून तो लॉकचे बटण दाबतो किंवा आतले हँडल ओढतो. काचेच्या रबरातून पत्र्याची पट्टी खाली खुपसण्याची जुनी पद्धत नव्या गाड्यांवर मात्र करू देऊ नये, कारण दाराच्या पोकळीत पॉवर विंडोच्या, तर काही गाड्यांत एअरबॅगच्या सेन्सरच्याही वायरी असतात. दार उघडताच सायरन वाजू लागला, तर घाबरू नये. आतल्या रिमोटचे अनलॉकचे बटण दाबले की सहसा तो थांबतो.

आत लहान मूल अडकले असेल, तर यातले काहीही करत बसू नये. उन्हात बंद गाडीतले तापमान पहिल्या १० मिनिटांतच सुमारे १० अंशांनी वाढू शकते. ११२ वर फोन करावा, आणि मूल घामाघूम किंवा निपचित दिसले, तर त्याच्यापासून सर्वांत लांबच्या दाराची काच कोपऱ्यावर घाव घालून फोडावी. समोरची काच दोन थरांची असते, ती तडकते पण सुटत नाही, म्हणून तिच्या नादी लागू नये.

चावी हरवली असेल, तर दार उघडून काहीच साधत नाही. आजच्या बहुतेक गाड्यांच्या चावीत बारीक चिप असते. इमोबिलायझरला, म्हणजे गाडीतल्या चोरीविरोधी यंत्रणेला, तिचा संकेत ओळखीचा वाटला, तरच इंजिन सुरू होते. त्यामुळे पाते हुबेहूब कापले तरी चिपची नोंद गाडीच्या संगणकात करावीच लागते. त्याच वेळी हरवलेल्या चावीची नोंद पुसून घेण्याचा आग्रह धरावा. एवढे करूनही जुन्या पात्याने दार उघडते, म्हणून ती घराजवळ हरवली असेल, तर लॉकही बदलणे शहाणपणाचे. हरवल्याची नोंद पोलिसांकडेही करावी, कारण पुढे गाडी चोरीला गेली, तर दाव्याच्या वेळी विमा कंपन्या मूळच्या दोन्ही चाव्या मागतात.

विम्यातही हा भेद आहे. रोडसाइड असिस्टन्समध्ये बहुधा दार उघडून देण्याची किंवा गाडी ओढून नेण्याची सोय असते. नव्या चावीच्या खर्चासाठी ‘की रिप्लेसमेंट’चे वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

रस्त्यावरच्या चावीवाल्याने कापून दिलेल्या बिनचिपच्या चावीला लोक निरुपयोगी म्हणतात, ते मला पटत नाही. चावी हरवल्यावर तिने इंजिन सुरू होणार नाही हे खरे. पण चावी आत राहिल्यावर दाराला चावीचे छिद्र असेल, तर तीच सर्वांत स्वस्त आणि निर्धोक सोय ठरते. काही गाड्यांत हे छिद्र हँडलवरच्या छोट्या झाकणाखाली दडलेले असते, ते आधीच शोधून ठेवावे. ही चावी गाडीला बांधून किंवा बंपरमागे लपवून ठेवू नये. ती स्वतःच्या पाकिटात, नाहीतर नेहमी बरोबर असणाऱ्या घरच्या माणसाच्या पर्समध्ये असावी, आणि एकदा तिने दार खरोखर उघडून पाहिलेले असावे.