उत्तर येतं ते शेजारून

१९२६ साली ह्यूगो गर्न्सबॅक यांनी न्यूयॉर्कमधून 'अमेझिंग स्टोरीज' हे निव्वळ विज्ञानकथांचं मासिक सुरू केलं. त्यात वाचकांची पत्रं छापून येत आणि पत्राखाली लिहिणाऱ्याचा पत्ताही असे. एवढ्याशा गोष्टीने मोठा फरक पडला. वाचक पत्र लिहायचा संपादकाला आणि त्याला उत्तर यायचं कुठल्यातरी लांबच्या गावातल्या दुसऱ्या वाचकाचं. अशा पत्रमैत्रीतून क्लब निघाले. १९३० च्या मे महिन्यात त्यातल्याच एका क्लबने 'द कॉमेट' नावाची स्वतःची पत्रिका काढली. विज्ञानकथेच्या चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलेली ती पहिली पत्रिका मानली जाते. पुढे पन्नासेक वर्षांनी, अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून उभारलेल्या अर्पानेट या संगणकजाळ्यावर सुरुवातीच्या ज्या मेलिंग लिस्ट (एकाने लिहिलेली ईमेल यादीतल्या सगळ्यांना पोचवणाऱ्या) गाजल्या, त्यांतली एक विज्ञानकथाप्रेमींचीच होती. इंटरनेट घरोघरी पोचायच्या कितीतरी आधी चाहते तिथे गप्पा मारत बसले होते.

चाहता म्हटलं की आपल्याला आठवतं ते एकतर्फी प्रेम. १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन संशोधकांनी त्याला नाव दिलं. टीव्हीवरचा निवेदक थेट आपल्या डोळ्यांत बघून बोलतो, रोज ठरल्या वेळी येतो, हळूहळू ओळखीचा वाटू लागतो. पण त्याला आपण कोण हे ठाऊकही नसतं. या नात्याला त्यांनी 'पॅरासोशल' म्हटलं. निरीक्षण अचूक आहे. पण त्यावरून चाहता म्हणजे एकटा पडलेला, आभासात रमलेला माणूस, असं जे सर्रास म्हटलं जातं ते मला पटत नाही. असं म्हणणारे फक्त चाहता आणि त्याचा तारा या दोघांकडेच पाहतात. चाहत्याच्या शेजारी त्याच ताऱ्याकडे बघत आणखी हजारो माणसं उभी आहेत, आणि ती एकमेकांशी बोलताहेत. तिथलं नातं एकतर्फी नाही.

मग अनोळखी माणसं इतक्या झटकन जवळ कशी येतात? १९७१ मध्ये मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. मुलांना पॉल क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांची चित्रं दाखवली आणि आवडीनुसार तुमचे दोन गट पडलेत, असं सांगितलं. प्रत्यक्षात गट वाटेल तसे पाडले होते. आपल्या गटात कोण आहे हे मुलांना कळत नव्हतं, ती एकमेकांशी बोललीही नव्हती. तरी पैसे वाटायची वेळ आली तेव्हा त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. नुसत्या लेबलाने एवढं होत असेल, तर ज्या गाण्यांनी एखाद्याला वाईट दिवसांतून तारून नेलं ती गाणी पाठ असलेला दुसरा माणूस भेटल्यावर काय होत असेल!

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये 'विरळ धाग्यां'चं महत्त्व दाखवलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं, तेव्हा बहुतेकांना ती खबर जिवलग मित्राकडून मिळालेली नव्हती. अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून मिळाली होती. जिवलगांना आपल्याला माहीत असतं तेच माहीत असतं. फॅनडम, म्हणजे चाहत्यांचं आपसातलं जग, हे अशा विरळ धाग्यांचं प्रचंड जाळं आहे. परीक्षेत नापास झालो, डॉक्टरांकडे जायची भीती वाटते, घरी सांगता येत नाही अशी एखादी गोष्ट आहे, हे सगळं लोक आपल्या आवडत्या बँडच्या ग्रुपमध्ये सांगतात. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये लिहिलं की पडद्याआड, टोपणनावाने बोलताना माणसाचा संकोच गळून पडतो. त्यातून शिवीगाळ होते, तशी मनाची दारंही उघडतात. शिवाय तिथे गाण्याचा विषय हाताशी असतो. जड बोलणं झालं की पुन्हा गाण्यावर येता येतं, कुणाला अवघडल्यासारखं होत नाही.

चाहते एकमेकांना प्रत्यक्षात मदत कशी करतात, हे फॅनफिक्शनमध्ये सगळ्यांत छान दिसतं. फॅनफिक्शन म्हणजे चाहत्यांनी आपल्या आवडत्या पात्रांवर रचलेल्या नव्या कथा. समजा, सोळा वर्षांच्या एका मुलीने आयुष्यातली पहिली कथा लिहून टाकली. रात्रीतून सात कमेंट आल्या. तिघींनी नुसतं 'मस्त' म्हटलं. एकीला पुढचा भाग कधी ते हवं होतं. एकाने सांगितलं की भांडणाचा प्रसंग झकास जमलाय, फक्त तिथे कोण बोलतंय हे दोनदा कळलं नाही. आणखी एकीने तेच वाक्य दाखवलं. सातवीने त्या दोघांना उत्तर देत, संवादांच्या मध्ये पात्राची एखादी हालचाल घातली तर गोंधळ मिटेल, असं सुचवलं. यातला एकही शिक्षक नाही. कुणी दोन मिनिटांहून जास्त वेळ दिलेला नाही. पण सातही कमेंट एकत्र वाचल्या की त्या मुलीला एक धडा मिळतो.

वॉशिंग्टन विद्यापीठाच्या सेसिलिया अॅरॅगॉन आणि केटी डेव्हिस यांनी हेच हेरलं आणि त्याला 'विखुरलेलं मार्गदर्शन' म्हणता येईल असं नाव दिलं. फॅनफिक्शन डॉट नेट या एकाच साइटवरच्या कथांची शब्दसंख्या त्यांच्या मोजणीत ६१.५ अब्ज भरली. हजारो कमेंट त्यांच्या गटाने हाताने वाचून वर्गवारी केली. निव्वळ हिणवणाऱ्या फारच थोड्या निघाल्या. मग त्यांनी लेखकांच्या शब्दसंपत्तीतलं वैविध्य काळाबरोबर कसं बदलतं ते तपासलं. वय वाढतं तसं ते वाढणारच. पण मिळालेल्या कमेंटबरोबरही ते वाढताना दिसलं: साधारण ६५० कमेंटमागे वर्षभराने वय वाढण्याइतकी वाढ. कमेंटमुळेच भाषा सुधारली असं यावरून ठामपणे म्हणता येत नाही, कारण चिकाटीने लिहिणाऱ्यालाच कमेंट जास्त मिळत असतील. तरीही 'मस्त'सारख्या एका शब्दाला आपण जितकं फुटकळ समजतो तितका तो नाही, असं मला ही आकडेवारी वाचल्यापासून वाटतं. पुढचा भाग लिहायला बसवतो तो तोच शब्द.

काही कामं तर कुणाला दिसतही नाहीत. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हा कथासंग्रह चाहत्यांच्याच ना-नफा संस्थेने २००९ मध्ये खुला केला. तिथे जाहिराती नाहीत, खर्च देणग्यांतून भागतो. लेखक आपल्या कथेला हवे ते टॅग, म्हणजे शोधायला सोपं जावं म्हणून पात्रांची-विषयांची लेबलं, लावतात. एकाच पात्राचं नाव कुणी पूर्ण लिहितं, कुणी टोपणनाव वापरतं, कुणी स्पेलिंग चुकवतं. पण शोधायला गेलं की सगळ्या कथा एकत्र सापडतात, कारण शेकडो स्वयंसेवक घरी बसून हे टॅग एकेक करून एकमेकांना जोडत असतात. लेखकाने लिहिलेला टॅग ते खोडत नाहीत, पाठीमागून फक्त दुवा देतात. कुणाचाही शब्द न बदलता सगळ्यांना एकमेकांपर्यंत पोचवण्याची ही पद्धत मला फार आवडते. २०१९ मध्ये या संग्रहाला विज्ञानकथेच्या जगातला ह्यूगो पुरस्कार मिळाला. पुरस्काराचं नाव पत्ते छापणाऱ्या त्याच ह्यूगो गर्न्सबॅक यांच्यावरून ठेवलेलं आहे.

जून २०२० मध्ये बीटीएस या कोरियन बँडने आपल्या कंपनीसह 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' या कृष्णवर्णीयांवरच्या अन्यायाविरुद्धच्या चळवळीला १० लाख डॉलर दिल्याची बातमी आली. चाहत्यांनी तेवढीच रक्कम साधारण एका दिवसात उभी केली. लोकांना चमत्कार वाटला. पण चाहत्यांचा 'वन इन अॅन आर्मी' हा गट त्याआधी दोनेक वर्षं एखादी संस्था निवडून तिच्यासाठी छोट्या छोट्या देणग्या गोळा करत होता. पैसे कुठे द्यायचे, हिशेब कसा दाखवायचा, कुठल्या भाषेत कुणी कळवायचं, ही घडी बसलेली होती.

खेळाच्या चाहत्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करणारे डॅनियल वान सांगतात की आपल्या गावच्या संघाशी घट्ट नातं असलेल्या लोकांत एकटेपणा कमी आढळतो. त्यांच्या मते हा फायदा संघ जिंकल्यामुळे होत नाही, सोबत मिळाल्यामुळे होतो.

सोबतीची खरी गरज लागते ती शोकाच्या वेळी. आवडता गायक गेला तर घरचे म्हणतात, तो काय तुझ्या नात्यातला होता का? समाज ज्याला दुःख म्हणून मोजतच नाही, अशा दुःखासाठी शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये स्वतंत्र संज्ञा रूढ केली. असं दुःख जास्त बोचतं, कारण रडायची मुभाच नसते. फॅनडममध्ये ती मिळते. तिथे कुणी कारण विचारत नाही. लोक एकमेकांना जेवलात का, झोपलात का, असं विचारतात. हेल्पलाइनचे नंबर वर पिन करून ठेवतात. चाहते वेगवेगळ्या देशांत असल्यामुळे आपल्याकडे रात्र असली तरी कुणीतरी जागं सापडतंच.

ताजफेल यांच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली होती, ती बोचरी आहे. आपल्या गटाला जास्त पैसे मिळण्यापेक्षा दुसऱ्या गटाशी अंतर वाढवणं मुलांनी अनेकदा पसंत केलं, त्यात स्वतःच्या गटाचं नुकसान झालं तरी. दोन कलाकारांचे चाहते एकमेकांवर तुटून पडतात, नव्याने आलेल्याची 'खरा फॅन आहेस का' म्हणून परीक्षा घेतात, एका चुकलेल्या पोस्टवर शेकडोंची झुंड चालून जाते, ते याच मुळातून. ज्या ग्रुपमध्ये नियम लिहिलेले असतात आणि मॉडरेटर, म्हणजे ग्रुप सांभाळणारे, ते सगळ्यांना सारखे लावतात, तिथे हे आटोक्यात राहतं. पण मॉडरेटरही बिनपगारी चाहताच. दिवसभर भांडणं सोडवून तो थकतो, आणि एक दिवस न सांगता निघून जातो. त्याला मदत कोण करतं, हा प्रश्न ग्रुपने स्वतःला वेळेवर विचारायला हवा.

कथासंग्रहांत वर्षानुवर्षं अर्धवट पडून असलेल्या असंख्य कथा आहेत. लिहिणारी मंडळी नोकरी-संसारात गुंतलेली, पासवर्ड विसरलेली. अशा जुन्या कथेखाली कुणी नवा वाचक लिहितो की तुम्ही अजून इथे येता का माहीत नाही, पण काल रात्री मी सगळे भाग सलग वाचले. त्या कमेंटची ईमेल लेखिकेच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडते. कधीकधी, काही आठवड्यांनी, त्या कथेत पुढचा भाग दिसतो आणि वर एका ओळीत त्या वाचकाचे आभार मानलेले असतात.